पाचवा माणूस आणि दरोड्याचा रकाना

मूर्तिजापूर-दर्यापूर रस्त्यावर रात्री एका कापूस व्यापाऱ्याला अडवून त्याच्याकडचे पैसे काढून घेतले, असे समजू. तो कसाबसा ठाण्यात पोहोचतो आणि सांगतो, ‘चार-पाच जण होते.’ बोलताना चार काय आणि पाच काय, फरक पडत नाही. कायद्यात मात्र नेमक्या याच दोन आकड्यांच्या मधून रेघ जाते. चौघांनी लुटले तर जबरी चोरी. पाच जण असले तर दरोडा. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने आखलेली ही रेघ २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही तिथेच आहे. त्यातही अंगावर हात टाकणारेच मोजायचे असे नाही. थोड्या अंतरावर मोटारसायकल चालू ठेवून थांबलेला, मदतीला हजर असलेला माणूसही त्या पाचांत धरला जातो. जबरी चोरीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. तीच महामार्गावर सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात झाली तर चौदा वर्षांपर्यंत. दरोड्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा.

म्हणजे तक्रार लिहून घेणाऱ्याने ‘गाडीजवळ कोणी उभे होते का?’ हा एक प्रश्न विचारला की नाही, यावर बरेच काही ठरते. गुन्ह्याचे कलम, आरोपीची संभाव्य शिक्षा, तपासाची निकड आणि वर्षअखेर जिल्ह्याच्या तक्त्यात ती घटना कोणत्या रकान्यात मोजली जाणार, सगळे त्या एका प्रश्नापाशी अडलेले असते.

वऱ्हाडातल्या ठाण्यांत हे लिखापढीचे काम करणाऱ्याला मोहरर म्हणण्याची रीत जुनी आहे. पुण्या-मुंबईकडे तोच ठाणे अंमलदार किंवा क्राइम कारकून. गेल्या दीडशे वर्षांत राज्ये बदलली, राजधान्या बदलल्या, कायदे बदलले. पण अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत गुन्हे किती आणि कोणते, याचे उत्तर शेवटी याच टेबलावर तयार होत आले. त्या टेबलावर जेवढा भार टाकला गेला तेवढे शिक्षण तिथे बसणाऱ्याला क्वचितच मिळाले. वऱ्हाडातल्या गुन्हे-नोंदीचा इतिहास बराचसा या तफावतीचा इतिहास आहे.

या इतिहासाची सुरुवातच गुंतागुंतीची आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला, पण मालकी निजामाचीच राहिली. त्यामुळे ‘हैदराबादचे नेमून दिलेले जिल्हे’ असे लांबलचक नाव मिळालेला हा मुलूख कायद्याच्या भाषेत ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नव्हता. हिंदुस्थानात झालेला कायदा वऱ्हाडात आपोआप लागू होत नसे. त्यासाठी वेगळी अधिसूचना काढावी लागे. ही व्यवस्था इतकी टिकली की अनेक कायदे एकत्रितपणे वऱ्हाडाला लागू करण्यासाठी १९४१ साली ‘बेरार लॉज ॲक्ट’ हा स्वतंत्र कायदा करावा लागला. अकोल्याच्या ठाण्यात कोणता कायदा चालतो हा प्रश्न तिथे बसलेल्या लेखनिकाला रोजच्या कामाचा होता.

नोंदींचा साचा आला तो १८६१ च्या पोलीस कायद्यातून. त्याच्या ४४ व्या कलमाने प्रत्येक ठाणेदारावर रोजनिशी ठेवण्याची सक्ती केली. आलेली प्रत्येक तक्रार, अटक झालेल्यांची नावे, फिर्यादीचे नाव, आरोप, जप्त केलेली हत्यारे व माल, तपासलेले साक्षीदार, असे सगळे तीत यायला हवे होते. पुढच्याच वर्षी, १ जानेवारी १८६२ पासून, दंडसंहिता ब्रिटिश हिंदुस्थानात अमलात आली आणि ५११ कलमांची चौकट मिळाली. त्यावर उभे राहिले वार्षिक अहवालांचे तक्ते. गुन्ह्यांचे सहा वर्ग पाडले गेले. राज्य व सार्वजनिक शांततेविरुद्धचे, शरीराविरुद्धचे गंभीर, मालमत्तेविरुद्धचे गंभीर, शरीराविरुद्धचे किरकोळ, मालमत्तेविरुद्धचे किरकोळ आणि उरलेले सगळे. महाराष्ट्राच्या ठाण्यांत आजही ‘भाग १ ते ५’ आणि ‘भाग ६’ अशी जी विभागणी कानावर येते, तिची घडण या जुन्या वर्गवारीशी जुळते. दंडसंहितेखालचे, आता न्याय संहितेखालचे, गुन्हे पहिल्या पाचांत. दारूबंदी, जुगार असे विशेष व स्थानिक कायद्यांखालचे सहाव्यात.

तक्ते लंडनपर्यंत जात. त्यांचा कच्चा माल गावातून येई. वऱ्हाडात गावच्या पाटलाकडे महसुलाबरोबर पोलीसकामही असे. काही गावांत पोलीस पाटील वेगळा असे. गुन्हा, संशयास्पद मृत्यू, परका माणूस यांची खबर त्याने ठाण्यात द्यायची. खबर तोंडी यायची, वऱ्हाडीत यायची आणि तिचे कलमांत रूपांतर ठाण्यात व्हायचे.

या रूपांतरात काय घडते ते धुऱ्याच्या भांडणावरून दिसते. दोन भावांत शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जुंपते, हे वऱ्हाडातल्या कोणत्याही तालुक्यातले नेहमीचे प्रकरण. नुसत्या हातांनी मारले तर साधी दुखापत, म्हणजे जुन्या संहितेचे कलम ३२३. ते अदखलपात्र. न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपासही करू शकत नाहीत. नोंदवहीत ओळ पडते आणि फिर्यादीला न्यायालयाची वाट दाखवली जाते. त्याच झटापटीत विळा लागला तर कलम ३२४, दखलपात्र. हाड मोडले तर ३२५, हत्याराने मोडले तर ३२६, आणि जिवे मारण्याचा हेतू दिसला तर थेट ३०७. भांडण एक, पायऱ्या पाच. जखम कुठे आहे, कशाने झाली, डॉक्टरांनी काय लिहिले, हे पाहिल्याशिवाय पायरी ठरवता येत नाही. घाईत ‘हातबुक्क्यांनी मारहाण’ असे लिहिले गेले तर डोक्यात विळ्याचा वार घेतलेला माणूस अदखलपात्राची पावती घेऊन घरी जातो.

दुष्काळात या वर्गवारीचे दुसरे रूप समोर आले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन्ही दुष्काळांनी वऱ्हाड होरपळला. कापसाच्या बाजारासाठी नावाजलेल्या या भागात धान्य महाग झाले आणि मजूर देशोधडीला लागले. अशा काळात मालमत्तेविरुद्धचे गुन्हे वाढतात. रात्री कोणी सावकाराचे पेव उकरून ज्वारी नेली तर ती चोरी. पाच भुकेल्या माणसांनी दमदाटी करून पोते उचलले तर तो दरोडा. पोटासाठी केले की धंदा म्हणून केले, हे सांगणारा रकाना तक्त्यात नव्हता. दुष्काळी वर्षांचे गुन्ह्यांचे आकडे वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते. नाहीतर भुकेचे वर्ष गुन्हेगारीचे वर्ष म्हणून वाचले जाते.

याहून अन्यायाची वर्गवारी माणसांची झाली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्माने गुन्हेगार ही कल्पना कायद्यात बसवली, आणि १९११ व १९२४ च्या कायद्यांनी ती देशभर पसरवली. मेजर गंथॉर्प या अधिकाऱ्याने १८८२ साली मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांतातल्या तथाकथित गुन्हेगार जमातींवर पुस्तक प्रसिद्ध केले. वऱ्हाडातल्या टाकणकार आणि पारध्यांची वर्णने त्यात आहेत. पोलिसांना ओळखीचे साधन म्हणून अशी पुस्तके वापरली जात. घरफोडी कशी झाली हे तपासण्याआधी ती कोणाच्या ‘पद्धतीची’ आहे हे ठरवायला या पुस्तकांनी शिकवले. घटनेऐवजी जमातीचे वर्गीकरण करायचे हा धडा पिढ्यान्‌पिढ्या टिकला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला तरी ‘सराईत’ या शिक्क्याखाली त्याच वस्त्यांवर रात्रीच्या झडत्या चालू राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये पोलिसांच्या हिस्ट्रीशीटबाबत, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंगांतल्या जातिभेदाच्या प्रकरणात, वंचित आणि विमुक्त समाजांतल्या माणसांची केवळ त्यांच्या जन्मावरून अशी नोंद होऊ नये हे पुन्हा बजावले. कायदा रद्द होऊन ७२ वर्षे झाल्यावरही हे सांगावे लागले. चुकीच्या वर्गवारीचे आयुष्य इतके मोठे असते.

पोलिसांच्या शिक्षणाचा विचार पहिल्यांदा गांभीर्याने झाला तो १९०२-०३ च्या पोलीस आयोगात. त्याचे अध्यक्ष सर अँड्र्यू फ्रेझर मध्य प्रांतात कारकीर्द घडलेले प्रशासक होते आणि तिथले मुख्य आयुक्तपद त्यांनी सांभाळले होते. नागपूर-जबलपूरकडची ठाणी त्यांनी जवळून पाहिलेली होती. आयोगाने पोलीस दलातल्या अकार्यक्षमतेवर आणि भ्रष्टाचारावर कठोर शब्दांत लिहिले आणि दोन गोष्टी ठासून सांगितल्या. ठाण्याचा प्रमुख शिकलेला, थेट भरती झालेला आणि प्रशिक्षण घेतलेला फौजदार असावा. आणि नुसत्या आकड्यांवरून पोलिसांचे काम जोखू नये. कारण तसे केले की गुन्हे कमी होत नाहीत, त्यांच्या नोंदी कमी होतात.

याच सुमारास वऱ्हाडाचा प्रशासकीय पत्ता बदलला. १९०२ साली कर्झनने निजामाशी कायमच्या पट्ट्याचा करार केला आणि १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. १९०५ मध्ये जिल्ह्यांची फेरमांडणी होऊन एलिचपूर अमरावतीत आणि वाशीमचा बराचसा भाग अकोल्यात विलीन झाला. हैदराबादच्या रेसिडेंटाकडे जाणारे कागद आता नागपूरला जाऊ लागले. १९०६ साली सागर येथे पोलीस अधिकाऱ्यांची प्रशिक्षण शाळा सुरू झाली, मराठ्यांच्या काळातल्या किल्ल्यात. त्याच साली मुंबई इलाख्याची शाळा पुण्याजवळ भांबुर्ड्याला निघाली आणि १९०९ मध्ये नाशिकला हलली. आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी ती हीच. वऱ्हाड मध्य प्रांताच्या पोलीस दलात असल्याने इथल्या फौजदाराची शाळा नाशिक नव्हे, सागर होती. हिंदी मुलखातल्या सहकाऱ्यांबरोबर त्याने दंडसंहिता, फौजदारी प्रक्रिया आणि पुराव्याचा कायदा शिकायचा, आणि परत येऊन अकोट-तेल्हाऱ्यात मराठीत तक्रार लिहायची.

मात्र हे शिक्षण फौजदाराचे होते. रोज रजिस्टर भरणारा हवालदार-मोहरर जे शिकला ते आधीच्या मोहररकडून. त्याचे शास्त्र म्हणजे जुन्या नोंदवह्या. आधीच्याने सायकलचोरी जशी लिहिली तशी आपण लिहायची. आधीच्याने ज्या मजकुरावर अदखलपात्र केले त्यावर आपणही करायचे. या परंपरेने सुवाच्य अक्षर, घट्ट मजकूर आणि तारखांची शिस्त दिली, हे मान्य करायला हवे. विदर्भातल्या जुन्या ठाण्यांची दप्तरे आजही वाचनीय आहेत. पण आधीच्याची चूकही त्याच निष्ठेने पुढच्याकडे गेली.

१ नोव्हेंबर १९५६ ला वऱ्हाड द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. नागपूरच्या नियमावलीची जागा मुंबईच्या पोलीस मॅन्युअलने घेतली, सागरऐवजी नाशिकची वाट सुरू झाली. तरी टेबलावरची भाषा पूर्ण बदलली नाही. पश्चिम महाराष्ट्रात ‘गु.र.नं.’ लिहितात तिथे अमरावती-अकोल्यात ‘अप. क्र.’, तिकडचा ‘अकस्मात मृत्यू’ इकडे ‘मर्ग’, स्टेशन डायरीतली नोंद इकडे ‘सानहा’. नवा कागद आणि जुनी सवय यांची सांगड घालत इथल्या लेखनिकांनी दोन प्रांतांच्या पद्धती एकत्र चालवल्या. अ, ब, क समरी मात्र मुंबईच्या पद्धतीतून सगळीकडे रुळल्या. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही तर ‘अ’. खोटी तक्रार तर ‘ब’. गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून दिलेली तर ‘क’. सुरुवातीला कलम लावताना जेवढी काळजी हवी तेवढीच शेवटी हे अक्षर लावताना हवी, कारण ‘ब’ लागला की फिर्यादीच खोटा ठरतो.

देशपातळीवर आकडे जमवण्याची परंपरा १९५३ पासूनची. ‘क्राइम इन इंडिया’ हा वार्षिक अहवाल त्या सालापासून निघतो; अपघाती मृत्यू आणि आत्महत्यांचा अहवाल १९६७ पासून. १९७७ च्या धर्मवीर आयोगाने गुन्हे न नोंदवण्याच्या प्रवृत्तीवर पुन्हा बोट ठेवले. फ्रेझर यांच्यानंतर पाऊणशे वर्षांनी दुखणे तेच निघाले. त्या आयोगाच्या आणि १९८५ च्या टंडन समितीच्या शिफारशींतून १९८६ मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, उभा राहिला. पुण्यात राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे राज्याचा नोंद विभाग, प्रत्येक अधीक्षक कार्यालयात जिल्ह्याचा, आणि साखळीच्या तळाशी पुन्हा ठाण्यातले टेबल. देशभर एकसारखे सात नमुने ठरले. पहिला प्रथम खबरीचा, मग घटनेच्या तपशिलाचा, अटकेचा, जप्तीचा, अंतिम अहवालाचा, न्यायालयाच्या निकालाचा आणि अपिलाचा.

या व्यवस्थेत मोजणीचा एक नियम आहे, तो वाचकाने समजून घ्यावा असा आहे. एका प्रथम खबरीत अनेक कलमे असली तर राष्ट्रीय आकडेवारीत त्यातला सर्वांत गंभीर गुन्हा मोजला जातो. घरात घुसून खून केला आणि दागिने नेले, तर तक्त्यात खून दिसतो, घरफोडी दिसत नाही. नियम सोयीचा आहे, पण तो कळला नाही तर दोन टोकांच्या चुका होतात. कोणी एकच घटना तीन ठिकाणी मोजतो, तर कोणी गंभीर कलम सोडून पहिले लिहिलेले कलम मोजतो.

वऱ्हाडाच्या वाट्याला या रकान्यांची सर्वांत कठीण परीक्षा आली ती गुन्ह्यांत नव्हे, मर्गात. शेतकरी आत्महत्यांत.

१९९५ पासून एनसीआरबीच्या अहवालात आत्महत्या करणाऱ्यांच्या व्यवसायात शेती हा स्वतंत्र वर्ग आला. तेव्हापासून अमरावती विभागातल्या ठाण्यांत मर्ग लिहिणाऱ्याच्या हातून ‘व्यवसाय’ या एका रकान्यात जे पडेल ते थेट देशाच्या चर्चेत जाऊ लागले. २००१ पासून अमरावतीच्या विभागीय आयुक्तालयात महसूल यंत्रणेची वेगळी यादी सुरू झाली. मार्च २००५ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेचा अहवाल मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, जानेवारी २००६ मध्ये इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचा. २००६ च्या मध्यात पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाणा, यवतमाळ, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले.

महसूल यादीचे निकष मदतीसाठी होते. मृताच्या किंवा कुटुंबाच्या नावे शेतजमीन, बँक, सोसायटी किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज, ते न फिटल्याचा ताण. जिल्हाधिकाऱ्यांची समिती प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरवी आणि पात्र कुटुंबाला एक लाख रुपये मिळत, ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीत. त्या निर्णयासाठी समितीपुढे जे कागद जात त्यांत पोलिसांचा मर्ग आणि पंचनामा असे. दुसऱ्याची शेती मक्त्याने वा बटईने करणारा माणूस सातबाऱ्यावर नसे. शेतात दिवसभर राबणारी, नवऱ्यामागे शेती सांभाळणारी बाई मर्गात ‘गृहिणी’ लिहिली जाई. परवाना नसलेल्या सावकाराचे कर्ज कागदावर नसे. ‘दारूच्या व्यसनातून’ किंवा ‘घरगुती वादातून’ हे शब्द पंचनाम्यात पडले की पुढचे दार जवळजवळ बंद होई. दुःखात बुडालेल्या घरातून पहिल्या दिवशी घेतलेला घाईचा जबाब कुटुंबाचे पुढचे भवितव्य ठरवी. त्यामुळे कर्ज, पीक, पाऊस, जमीन कोणाची आणि कसतो कोण, हे प्रश्न नीट विचारायला मर्ग लिहिणाऱ्याला कोणी शिकवले होते का, हा प्रश्न वऱ्हाडात हजारो घरांच्या पोटापाण्याचा होता.

रकाना बदलला की चित्र कसे बदलते, याचे उदाहरण २०१४ चे आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अहवालात शेती करणाऱ्यांच्या आत्महत्या ११,७७२ होत्या. पुढच्या वर्षी एनसीआरबीने नमुना बदलला. शेतकरी आणि शेतमजूर असे दोन वर्ग केले. २०१४ मध्ये शेतकऱ्यांचा आकडा निघाला ५,६५०. एका वर्षात निम्म्याहून कमी. शेतमजुरांच्या रकान्यात ६,७१० पडले होते. दोन्ही मिळवले तर बेरीज १२,३६०. महाराष्ट्रात ते प्रमाण २,५६८ शेतकरी आणि १,४३६ शेतमजूर असे होते. पी. साईनाथ यांच्यासारख्या पत्रकारांनी या बदलावर कडाडून टीका केली. नव्या व्याख्येत दुसऱ्याची जमीन कसणाराही शेतकरीच धरला होता, पण ठाण्यात बसलेल्या माणसाला तो मक्तेदार आहे की मजूर हे विचारण्याची सवय नव्हती. तसेच दीड एकर कोरडवाहू आणि उरलेले आठ महिने दुसऱ्याच्या शेतात मजुरी, असे जगणारा माणूस कोणत्या रकान्यात टाकायचा? वऱ्हाडात अशीच माणसे जास्त आहेत. दिल्लीत व्याख्या लिहिली गेली. तिचा अर्थ लावायचे काम दर्यापूर-बार्शीटाकळीच्या टेबलावर येऊन पडले.

त्याच काळात गुन्ह्यांच्या आकड्यांतही अशाच उड्या दिसल्या. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरवलेल्या मुलांच्या तक्रारी अपहरण म्हणून नोंदवण्याचा निर्देश दिला. आधी ‘मिसिंग’च्या वहीत राहणारे प्रकरण कलम ३६३ खाली गुन्हा झाले. त्याच वर्षी लैंगिक अत्याचारांच्या व्याख्या रुंदावल्या आणि संमतीचे वय १६ वरून १८ झाले. १२ नोव्हेंबर २०१३ च्या ललिता कुमारी निकालाने दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की नोंद करणे बंधनकारक असल्याचे स्पष्ट केले. त्यानंतर वाढलेल्या आकड्यांचा काही भाग हा आधी दडलेल्या गुन्ह्यांचा आहे. जिल्ह्याचा आलेख चढला म्हणून ठाणेदाराला जाब विचारणाऱ्याने आधी हे विचारावे, की वाढले काय, गुन्हे की प्रामाणिकपणा.

हे दुखणे फक्त आपले नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलीस निरीक्षणालयाने नोव्हेंबर २०१४ मध्ये केलेल्या पाहणीत लोकांनी कळवलेल्या गुन्ह्यांपैकी १९ टक्के, म्हणजे वर्षाला आठ लाखांहून अधिक, नोंदवलेच जात नसल्याचे आढळले. लैंगिक गुन्ह्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. तिथे उपाय म्हणून प्रत्येक दलात मोजणीचे नियम जाणणारा, तपासापासून स्वतंत्र असा नोंद-निबंधक आणि त्याचे प्रशिक्षण यांवर भर दिला गेला. म्हणजे वर्गवारी हे वेगळे कौशल्य आहे, आणि ते करणाऱ्यावर आकडे कमी दाखवण्याचा दबाव नसावा, हे त्यांनी मान्य केले.

आपल्याकडे २००९ मध्ये मंजूर झालेली सीसीटीएनएस ही संगणक प्रणाली महाराष्ट्रात २०१५ मध्ये सुरू झाली. रजिस्टरऐवजी पडदा आला, यादीतून कलम निवडता येऊ लागले, आणि २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार संवेदनशील प्रकरणे वगळता प्रथम खबरी चोवीस तासांत संकेतस्थळावर येऊ लागल्या. संगणक बेरीज चुकवत नाही, अपूर्ण नमुना पुढे सरकू देत नाही. पण ‘चार-पाच जण’ या शब्दांतून चार निवडायचे की पाच, हे तो सांगत नाही.

मग १ जुलै २०२४ उजाडला. दंडसंहितेची ५११ कलमे जाऊन न्याय संहितेची ३५८ आली. ३०२ च्या जागी १०३, ४२० च्या जागी ३१८, ३७९ च्या जागी ३०३, ३९२ च्या जागी ३०९, ३९५ च्या जागी ३१०. चाळीस वर्षे तोंडपाठ असलेले आकडे एका रात्रीत जुने झाले. त्याआधी देशभर प्रशिक्षणे झाली, एनसीआरबीने जुनी-नवी कलमे शेजारी दाखवणारे ‘संकलन’ हे ॲप काढले. पण फरक नुसत्या आकड्यांचा नाही. गळ्यातली सोनसाखळी हिसकावणे याला कलम ३०४ हे स्वतंत्र घर मिळाले, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचे. आधी तीच घटना कुठे चोरी, कुठे जबरी चोरी म्हणून नोंदवली जात असे. आता अमरावतीच्या राजकमल चौकात साखळी ओढताना बाई पडून जखमी झाली तर ३०४ की ३०९? उत्तर ॲपमध्ये नाही. दुखापत कशी झाली, चोरी करण्यासाठी केली का, हे विचारल्यावर ते मिळते.

अकोल्यात पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. राज्यातल्या अशा केंद्रांत नवे अंमलदार कवायत, शस्त्र आणि कायदा शिकतात. अमरावती-अकोल्यातच निवृत्तीला आलेले, हजारो तक्रारी लिहिलेले मोहरर आहेत. या दोघांना समोरासमोर बसवून, नावे झाकलेल्या खऱ्या तक्रारींवर सराव देता येईल. धुऱ्याची मारहाण, शेतातला मोटारपंप चोरीला जाणे, बेपत्ता मुलगी, मर्गातला मक्तेदार शेतकरी. दहा जणांनी एकच तक्रार स्वतंत्रपणे वर्ग करायची आणि उत्तरे का वेगळी आली यावर चर्चा करायची. याला मोठा निधी लागत नाही. या कामाला कारकुनी न समजता तपासाची पहिली पायरी समजावे लागते. आणि फ्रेझर यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी सांगितलेली गोष्ट वरिष्ठांनी ऐकावी लागते, की खालच्या टेबलावर खरे लिहायला हवे असेल तर वरच्या बैठकीत आकडा वाढल्याबद्दल शिक्षा होता कामा नये.

नागरिकाच्या हातातही काही आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा घेणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे प्रथम खबरीची प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला विनामूल्य मिळते. गुन्हा कोणत्याही हद्दीतला असो, ठाण्याने तो घ्यायचा आहे. ऑनलाइन दिलेल्या खबरीवर तीन दिवसांत सही करायची आहे. नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी जाता येते आणि तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे. नव्वद दिवसांत तपासाची प्रगती कळवण्याचे बंधन पोलिसांवर आहे. म्हणून सही करण्यापूर्वी मजकूर पूर्ण वाचून घ्या. किती जण होते, हातात काय होते, वेळ कोणती होती, आणि मृत माणूस शेती करत होता का, हे त्यात आले आहे याची खात्री करा. आले नसेल तर तिथेच लिहून घ्यायला सांगा.